खळ दिलेला झगा

मालनने साबुदाणा भिजत घातला तेव्हा तिच्या मनात उपवास अजिबात नव्हता.

एकादशी आठ दिवसांवर होती. इचलकरंजीहून निघताना तिने अर्धा किलो साबुदाणा सामानात टाकला होता, कारण वाळवंटात साबुदाणा कुठला मिळायला, असं तिचं ठाम मत. प्रत्यक्षात जैसलमेरला लेकीच्या घरासमोरच्या दुकानात साबुदाण्याच्या पिशव्या रचून ठेवलेल्या. तरी मालनने हार मानली नाही. "इथला बारीक आहे," म्हणाली आणि विषय संपवला.

आता हा साबुदाणा ती शिजवणार होती, गाळणार होती, पाण्यात पातळ करणार होती आणि त्याची खळ नवऱ्याच्या झग्याला देणार होती. तो झगा म्हणजे काही धोतर नव्हे की सुती साडी नव्हे. उद्या दिवसभर त्या एका झग्याच्या भरवशावर तिचा नवरा भर उन्हात उभा राहणार होता. म्हणून तर बाईला वाटलं, कापड जरा नीटनेटकं असावं!

हे जरा मागं जाऊन सांगायला हवं.

मालनचा नवरा हिंदुराव. मिसरूड फुटल्यापासून सायझिंगमध्ये कामाला. सूत यंत्रमागावर चढायच्या आधी त्याला खळ लावून कडक करायचं, तो कारखाना म्हणजे सायझिंग. अठरा वर्षांपूर्वी तिथली वाफेची नळी फुटली. हिंदुराव वाचला, पण पाठ, छाती आणि दोन्ही दंड भाजले. डॉक्टरांनी मांडीची कातडी काढून तिथे लावली. ती धरली, जखमा भरल्या, माणूस पुन्हा पहिल्यासारखा चेष्टा-मस्करी करायला लागला. फक्त त्या नव्या कातडीला घाम येईना.

घाम येत नाही, मग बरंच की, असं कुणालाही वाटेल. तसं नसतं हो. आपण उन्हात निघालो की घाम सुटतो आणि वाळता वाळता अंगातली उष्णता घेऊन जातो. हिंदुरावच्या अर्ध्याहून जास्त अंगाची ही सोयच गेली होती. अर्धा तास उन्हात काढला की त्याचं अंग भट्टीसारखं तापायचं, जीभ जड व्हायची. एकदा चैत्रात बाजारातून येताना तो भर चौकात कोसळला, तेव्हापासून फेब्रुवारी ते जून घराबाहेर पाय नाही.

आणि मालनचा उन्हाळा म्हणजे दोन बादल्या, आठ पंचे आणि हिंदुरावचा डावा कान. होय, कान. अंग तापायला लागलं की सगळ्यात आधी त्याचा डावा कान लाल व्हायचा. भाकरी थापताना, भाजी निवडताना, शेजारणीशी बोलताना मालनचं एक लक्ष त्या कानाकडे. लाल दिसला की ओला पंचा अंगावर. शाळेला सुट्टी मे महिन्यात, लोकांचे प्रवास मे महिन्यात, आणि ही दोघं खिडक्या लावून आत. शेजारचे महाबळेश्वरला गेले, समोरचे गोव्याला गेले. मालनने सगळ्यांच्या कुंड्यांना पाणी घातलं.

त्यांची एकुलती एक लेक ऋजुता मोठी झाली, इंजिनीअर झाली, जैसलमेरजवळच्या सौरऊर्जेच्या पॅनेलांची देखभाल बघायला लागली. जावई पवनचक्क्यांवर, महिन्यातले पंधरा दिवस बाहेर. नात रेवा, सात वर्षांची. तिला सुट्टी पुन्हा मे महिन्यातच. आजी-आजोबांनी आपल्याकडे यावं आणि आजोबांनी आपल्यासोबत उंटावर बसावं, एवढं एकच तिचं मागणं, गेली तीन वर्षं.

ते मागणं २०४२च्या मे महिन्यात शक्य झालं, ते झग्यामुळे.

मे महिन्यात पूर्वी जैसलमेरला काळं कुत्रं फिरकायचं नाही. आता मात्र किल्ल्यावर, गडीसर तलावाच्या काठी, वाळूच्या टेकड्यांवर भर दुपारी माणसांची जत्रा, आणि प्रत्येकाच्या अंगात टोपीवाला पांढराशुभ्र झगा. स्टेशनावर उतरल्यावर हिंदुराव म्हणालासुद्धा, "मालन, सगळं गावच हज्जामाकडं बसलंय बघ."

ऋजुताने आईला समजावलं होतं. "आई, कुठलीही गरम वस्तू न दिसणारा उजेड टाकत असते. तवा खाली उतरवला तरी लांबून त्याची धग लागते ना, तसं. आपलं अंगही टाकतं. त्यातला बराचसा आजूबाजूची हवा पिऊन टाकते आणि आपल्यालाच परत करते. पण त्या उजेडाचा एक पट्टा असा आहे, की हवा त्याला अडवत नाही. तो सरळ आभाळाच्या पार जातो. आणि आभाळाच्या पलीकडे इतकी थंडी आहे की विचारू नकोस. झग्याचं कापड दोन कामं करतं. ऊन परतवून लावतं, आणि आपली उष्णता नेमकी त्या पट्ट्यातून वर फेकतं. वीज नाही, पाणी नाही. बाहेर पंचेचाळीस असलं तरी झग्याच्या आत तिसाच्या आसपास."

"म्हणजे घाम नसला तरी चालतंय?"

"म्हणून तर अण्णांना आणलं ना! फक्त एक. झग्याला आभाळ दिसलं पाहिजे. झाडाखाली, मांडवाखाली बसलं की तो नुसता झगा."

डॉक्टरांनी परवानगी दिली ती एका अटीवर. झग्याच्या आत एक छोटं मापक लावायचं, त्याचा आकडा मनगटावर दिसेल. आकडा पस्तीसला गेला की तडक गार गाडीत. परवाची परतीची तिकिटं होती आणि ऋजुताला सुट्टी मिळाली होती ती फक्त उद्याची. तेव्हा उद्या, नाहीतर पुढल्या वर्षी. आणि हिंदुरावने साठी ओलांडलेली.

आता झग्याकडे येऊ. ऋजुताचा आणि रेवाचा झगा घरचा, नवा. पाहुण्यांसाठी तिने बाजारातून दोन भाड्याने आणले. मालनने ते उलगडून नाकाजवळ नेले आणि तिचं तोंड वाकडं झालं. कुणाकुणाच्या अंगातले ते! आणि कापड कसं, गळपटलेलं, अंगाला चिकटणारं. हिंदुरावच्या त्या नाजूक कातडीला काही चिकटलं की त्याला खाजकुयली लागल्यासारखं व्हायचं. म्हणून अठरा वर्षं त्याच्या प्रत्येक सदऱ्याला ती खळ देत आली होती, कापड कडक राहून अंगापासून सुटं राहावं म्हणून. झग्याच्या आत एक चिठ्ठी शिवली होती, 'धोना मना है'. मालनने ती वाचली. पांढऱ्या कापडाला धुऊ नका सांगणारा हा कोण टिकोजीराव, असं मनाशी म्हणत तिने हिंदुरावचा झगा धुतला, खळीत बुचकळला आणि गच्चीवर वाळत टाकला. स्वतःचा तसाच ठेवला. तिला काय, घाम येत होता. नीळही द्यायची होती. त्यासाठी तिने संध्याकाळी तीन दुकानं पालथी घातली, पण नीळ वापरणारं माणूस आता कुठं उरलंय? मिळाली नाही. मालन हळहळली.

सकाळी ऋजुताने गच्चीवर पाऊल टाकलं आणि किंचाळली.

"आई! हे काय केलंस?"

झगा दोरीवर पुठ्ठ्यासारखा उभा होता.

"खळ दिली. काय झालं?"

"अगं, ते कापड आहे की पापड! त्याच्यावर कसला बारीक थर असतो, त्याची जाडी केसाच्या शंभराव्या भागाइतकी... तू त्याच्यावर साबुदाणा ओतलास?"

"गाळून ओतला," मालन म्हणाली. पण आवाज खाली आला होता. तिचा चेहरा पांढराफटक पडला. रेवा आजीचा पदर धरून उभी होती आणि तिचे डोळे भरायला लागले होते. ऋजुताने दुकानात फोन लावला. मोठ्या मापाचा एकही झगा उरला नव्हता, हंगाम ऐन भरात होता. आणि तिचा स्वतःचा अण्णांच्या अंगात मावणारा नव्हता.

"मी घातलं पाण्यात," मालन म्हणाली. "तीन वर्षं पोर वाट बघतीय, आणि मी घातलं पाण्यात."

हिंदुराव जिन्यावरून वर आला, अजून ऊन कोवळं होतं म्हणून. त्याने झग्याची कड अंगठा आणि बोटात धरून चोळली, कानाशी नेऊन कडकडवली. पंचवीस वर्षं सुताची खळ अशीच तपासलेली. "खळ झकास आलीय," तो म्हणाला. "पर रडताय कशाला? मोजा की. लेक इंजिनीअर हाय न्हवं आमची?"

खरंच की! ऋजुताने डोळे पुसले. पॅनेलांचं तापमान बघायची मापकं तिच्याकडे डझनभर पडून होती. तिने गच्चीवर तीन खुर्च्या मांडल्या. एकीवर स्वतःचा नवा झगा पांघरला, दुसरीवर आईचा भाड्याचा, तिसरीवर खळीचा. प्रत्येकाखाली एक मापक. नऊ वाजले, ऊन कडक झालं, बाहेर एक्केचाळीस. अर्ध्या तासाने सगळे आकडे बघायला वाकले.

नव्या झग्याखाली एकोणतीस. खळीच्या झग्याखाली तीस.

आणि मालनच्या भाड्याच्या, न धुतलेल्या झग्याखाली चाळीस.

ऋजुताने मापकं बदलून पाहिली, खुर्च्या बदलून पाहिल्या. आकडे तेच. मग ती मटकन खाली बसली.

"काय गं?" मालनने विचारलं.

"आई, हे दोन्ही झगे एकाच दुकानातले. दोन्ही वापरून वापरून झिजलेत. उष्णता वर फेकणारा थर कधीच उडून गेलाय, नुसता पांढरा रंग राहिलाय. तू हात लावला नसतास तर अण्णांना मी आज असलाच घालणार होते. असला, चाळीसवाला." तिने खळीच्या झग्याची कड हातात घेतली. "आणि साबुदाण्याच्या खळीतले कण... ते उष्णता नेमकी त्याच पट्ट्यातून फेकतात गं. जो थर उडाला होता तो तू पुन्हा बसवलास."

"आणि नीळ दिली असती तर?"

"नीळ ऊन शोषते. घोटाळा झाला असता."

मालनने गावातल्या तिन्ही दुकानदारांना मनोमन हात जोडले. मग पदर खोचून म्हणाली, "आणि म्हणे धोना मना है!"

पण हसू ओसरलं. गच्चीवरची खुर्ची वेगळी आणि जिवंत माणूस वेगळा. साबुदाण्याच्या भरवशावर आजवर कुणी वाळवंटात गेलं नव्हतं. ऋजुता बापाकडे बघेना. रेवा आजीकडे बघत होती, कारण या घरात आजोबांच्या बाबतीत शेवटचा शब्द कुणाचा हे पोरीला बरोबर ठाऊक होतं.

हिंदुरावही मालनकडेच बघत होता. "खळीच्या कारखान्यानंच मला घरात कोंडलं," तो हळू म्हणाला. "आता खळच मला भाईर काढाय लागलीय. मी न्हाई कसं म्हणू? तू सांग."

मालन बराच वेळ झग्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. तिला हो म्हणायचं होतं आणि भीतीही वाटत होती, दोन्ही एकदमच.

"डॉक्टर पस्तीस म्हणाले न्हवं? मी चौतीसालाच मागं फिरवणार," ती म्हणाली. "मग रडायचं नाही. म्हाताऱ्यानं बी नाही आणि पोरीनं बी नाही."

रेवाने जी आरोळी ठोकली, ती समोरच्या दुकानदाराने रस्त्यावर येऊन ऐकली.

मालनचा झगा बाद ठरला होता, म्हणून तिने गावाकडून आणलेली काळी छत्री काढली. "ती तुझ्यापुरती हं आई," ऋजुताने बजावलं. "अण्णांवर धरायची नाही. आभाळ दिसलं पाहिजे."

"कळतंय मला," मालन म्हणाली.

गावाबाहेर तासाभरावर वाळूच्या टेकड्या. गाडीचं दार उघडलं आणि धग अंगावर आली. मालनचा हात आपोआप पंच्याच्या पिशवीकडे गेला. हिंदुराव मात्र खाली उतरला, चार पावलं चालला आणि थांबला. झगा कडकड वाजत होता. त्याने मान वर केली. पुरत्या अठरा वर्षांनी त्याने मे महिन्यातलं दुपारचं आभाळ बघितलं.

"आजोबा, कसं वाटतंय?"

"गार," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांना पाणी आलं होतं आणि ते पुसायची त्याला काही घाई नव्हती. "रेवा, लई गार वाटतंय बघ."

मनगटावर आकडा एकतीस.

उंटवाल्याचं नाव सुगनाराम, उंटिणीचं मखमल. ती एक फेरी करून येत होती, तोवर बसायला वाळूत खाट टाकलेली. मालनने लांबून येणाऱ्या मखमलकडे बोट दाखवून आपल्या खास हिंदीत चौकशी केली, "ये चावता है क्या?" सुगनाराम पेचात पडला. हिंदुराव म्हणाला, "त्यास्नी इचारू नको. तिलाच इचार." ऋजुता रेवाला घेऊन टेकडीवर चढली, वरून फोटो काढायला. खाटेवर ही दोघंच राहिली.

पहिली पाच मिनिटं मजेत गेली. मग मालनने सवयीने बघितलं. डावा कान लाल झाला होता.

छत्री होती तिच्या डोक्यावर, ती हळूच नवऱ्याच्या डोक्यावर सरकली. हात काय विचारून हलतो? अठरा वर्षांची सवय. तिने आकडा बघितला. एकतीस होता, बत्तीस झाला. तिने छत्री आणखी जवळ धरली, आपली पाठही उन्हाकडे करून आडोसा केला. तेहेतीस.

"चला, उठा," ती म्हणाली. "गाडीत चला."

"थांब की जरा."

"थांबायचं काय? कान लाल झालाय, आकडा चढतोय! ऋजे! ए ऋजे!" टेकडीवर वारा होता, हाक पोचली नाही. साबुदाणा, साबुदाणा म्हणून नाचले मी, हा एकच विचार तिच्या डोक्यात. छत्री तिने त्याच्या डोक्याला टेकवलीच होती आता. आकडा तेहेतीस पॉईंट आठ.

हिंदुरावने आकड्याकडे बघितलं, मग वर बघितलं. वर आभाळ नव्हतंच. काळं कापड आणि आठ काड्या.

"मालन," तो शांतपणे म्हणाला, "छत्री मिट."

"वेड लागलंय काय?"

"मिट. आन् तू बी बाजूला हो."

"उन्हात ठेवू तुम्हाला?"

"व्हय, उन्हातच. अठरा वर्षं तू माझी सावली झालीस, म्हणून मी हाय. आज एवढं ऐक."

तिला कळत होतं. लेकीने सांगितलेलं सगळं तिला कळलं होतं, पण हात ऐकायला तयार नव्हता. तिने डोळे मिटले, छत्री मिटली आणि तीन पावलं बाजूला सरकली. सोपी नव्हती ती तीन पावलं. सगळं ऊन हिंदुरावच्या अंगावर पडलं.

तेहेतीस पॉईंट आठ. तेहेतीस पॉईंट आठ. तेहेतीस पॉईंट पाच.

बत्तीस.

मालन वाळूत बसली आणि आधी रडली, मग हसली. "मग कान कशानं लाल झाला?"

हिंदुरावने टोपीची कड ओढून दाखवली. ती पत्र्यासारखी कडक होती आणि बरोबर कानावर घासत होती. "तुझी खळ! टोपीला जरा पातळ द्यायची हुतीस."

"पंचवीस वर्षं खळीत काढून काल तोंड उघडलं नाही, आणि आज शहाणपण!"

मग मखमल आली. ती बसली, हिंदुराव चढला, रेवा टेकडीवरून धावत येऊन पुढे बसली, आणि उंटीण मागचे पाय आधी उचलून उठली तेव्हा आजोबा आणि नात दोघंही एकाच सुरात ओरडले. खालून मालनने जोरात सांगितलं, "घट्ट धरा!" उंटीण पंधरा-वीस पावलं गेली आणि वरून आवाज आला, "मालन! कानाकडं बघत बसू नको! वाळू बघ वाळू!"

तिने वाळू बघितली. पिवळी, लाटांची, नजर जाईल तिथपर्यंत. आल्यापासून ती समोर होती, आणि मालनने पहिल्यांदा पाहिली. तिने पंच्यांची पिशवी खाटेवर ठेवली, वर छत्री ठेवली. नऊवारीचा काष्टा घट्ट केला आणि टेकडी चढायला लागली. पाय रुतत होते, दम लागत होता, घाम धारांनी वाहत होता. वर ऋजुता तोंडावर हात ठेवून बघत उभी. मालन तिच्या शेजारी पोचली, क्षणभर थांबली, बसली, आणि सरळ घसरत खाली आली, बोंब मारत, पोरासोरांसारखी.

खाली उंटावरून उतरलेला हिंदुराव तिची वाटेत सुटलेली चप्पल हातात घेऊन उभा होता. तिच्या केसांत वाळू, दातांत वाळू. तो वाकून तिच्या तोंडाकडे निरखून बघायला लागला.

"काय बघताय?"

"तुझे दोन्ही कान लाल झालेत," तो काळजीने म्हणाला. "चल, सावलीत चल. पंचा भिजवून देतो."

मालनने त्याच्या मनगटावरचा आकडा बघितला. एकतीस. मग तिने टेकडीकडे बघितलं.

"होऊ देत लाल," ती म्हणाली, आणि पुन्हा वर चढायला लागली.